पाच अक्षरी इंग्रजी शब्द, ठराविक अक्षरं दिली की पटकन कसे सुचतात? (मराठी माध्यमवाल्यांनी नक्की सांगा)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करतोय, रोज सकाळी अशोक स्तंभाजवळच्या अभ्यासिकेत जातो. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. गणित बरं आहे, पझल्सपण सुटतात, पण रीझनिंगमध्ये एक प्रश्न येतो तिथे माझी गाडी हमखास अडते. एक मोठा इंग्रजी शब्द देतात, त्यातली ठराविक नंबरची अक्षरं घ्यायला सांगतात आणि विचारतात की प्रत्येक अक्षर एकदाच वापरून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द बनतील. पर्याय असतात एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त.

उदाहरणार्थ टेलिव्हिजन शब्द घ्या, त्यातलं दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं अक्षर म्हणजे ई, एल, व्ही, आय. लिव्ह म्हणजे जगणे आणि इव्हिल म्हणजे दुष्ट हे दोन कुणालाही दिसतात, पण व्हाइल म्हणजे नीच आणि व्हेइल म्हणजे तोंडावर घेतात तो पडदा, हे दोन डोक्यात यायला वेळ जातो. उत्तर असतं तीनपेक्षा जास्त. प्रिलिम्सला रीझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे म्हणजे एकाला जेमतेम ३४ सेकंद, त्यात चुकलं की पाव मार्क जातो, त्यामुळे अंदाजपंचे मारायची सोय नाही.

अभ्यासिकेतला मित्र म्हणतो नेटवर याद्या आहेत, पाच अक्षरी शब्द ज्यात ए आणि आर आहे, पाच अक्षरी शब्द ज्यात ओ आणि यू आहे, वगैरे वगैरे, त्या पाठ कर. मी उघडून बघितल्या तर अर्धे शब्द आयुष्यात ऐकलेले नाहीत. घरी धाकटी बहीण मोबाइलवर तो हिरव्यापिवळ्या चौकोनांचा पाच अक्षरी गेम खेळते आणि तिला भराभर सुचतं, ती इंग्लिश मीडियमची. मला एवढंच विचारायचंय की हे नुसतं शब्दसंपत्तीचं काम आहे का यात काही पद्धत आहे? पद्धत असेल तर मी मेहनत घ्यायला तयार आहे.

डेटावाला_सातपूर

भावा पद्धत आहे, पण आधी तू तीन वेगळे प्रश्न एकत्र केलेयस ते सुटे कर, नाहीतर चुकीची यादी पाठ करत बसशील.

पहिला प्रकार तुझ्या परीक्षेतला. दिलेली सगळी अक्षरं वापरायची, एक कमी नाही एक जास्त नाही. दुसरा प्रकार त्या नेटवरच्या याद्यांचा, म्हणजे लांबी ठरलेली आणि अमुक अक्षरं आत असलीच पाहिजेत, बाकीची कुठलीही चालतील. ए, ई, आर असलेले पाच अक्षरी म्हटलं की वॉटर, पेपर, ब्रेड, ग्रेट, हार्ट, ड्रीम, लार्ज, अर्ली, लर्न, अशी रांगच लागते, तिचा तुझ्या प्रश्नाला काडीचा उपयोग नाही. तिसऱ्या प्रकारात अक्षराची जागाही ठरलेली असते. बहिणीच्या गेममध्ये हिरवा चौकोन म्हणजे हा तिसरा प्रकार, पिवळा म्हणजे दुसरा, आणि राखाडी म्हणजे हे अक्षर सोड.

आता आकडे बघ म्हणजे घाबरायचं कुठे आणि नाही कुठे ते कळेल. पाच जागा आणि प्रत्येक जागी २६ पैकी कुठलंही अक्षर धरलं तर १,१८,८१,३७६ रचना होतात. तो वर्डल नावाचा गेम जॉश वॉर्डल नावाच्या माणसाने बनवला, २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, त्याची उत्तरांची मूळ यादी साधारण २,३०० शब्दांची होती. म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास रचना आणि रोजच्या वापरातले शब्द दोनअडीच हजार. बाकी सगळा कचरा. तुझ्या परीक्षेत तर अक्षरं आधीच हातात दिलेली असतात, चार वेगळी अक्षरं असतील तर २४ रचना, पाच असतील तर १२०, आणि अक्षर रिपीट झालं तर अजून कमी. आपला लासलगावचा ऑनियन घे, त्यात ओ दोनदा आणि एन दोनदा, म्हणून १२० च्या जागी फक्त ३० रचना आणि त्यातून शब्द एकच.

मी स्वतः शब्दांच्या फाइलवर छोटा प्रोग्राम लिहून ठेवलाय. युक्ती अगदी सोपी आहे, प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची, ज्या शब्दांचा क्रम सारखा येतो ते एका गटात. अँगल, एंजल आणि ग्लीन तिघांचाही क्रम ए, ई, जी, एल, एन. कॉम्प्युटरला हे डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतं, माणसाने काय करायचं ते इथले खेळाडू सांगतील.

कॉलेजरोडची_ताई

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द बनवायचा खेळ, खेळते बरीच वर्षं, म्हणून सविस्तर लिहिते, कारण मलाही हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, खेळता खेळता कळलं.

दादा, २४ च्या २४ रचना लिहायला बसायचं नाही कधीच. इंग्रजी अक्षरांना सवयी आहेत, कोण कुणाच्या शेजारी बसतं आणि कोण कुठे बसतच नाही. आधी जे चालत नाही ते काढून टाकायचं. तुमचंच उदाहरण घेऊ, ई, एल, व्ही, आय. रोजच्या इंग्रजीत व्ही शेवटी येत नाही, त्याच्यामागे ई लागतोच, गिव्ह बघा, लव्ह बघा, हॅव बघा. म्हणजे व्ही शेवटी असलेल्या ६ रचना गेल्या, उरल्या १८. आता व्ही पहिला ठेवा, मागे ई, आय, एल. ई-आय जोडीने आले की व्हेइल, आय पुढे आणि ई शेवटी गेला की व्हाइल. मग व्ही मधे ठेवा, आय-व्ही-ई हा तुकडा डोळ्यासमोर आणा, पुढे एल लावला की लिव्ह. आणि ई पहिला ठेवला की इव्हिल. संपलं. चारही शब्द सापडतात आणि लिहावं लागतं फारतर पाचसहा वेळा.

तर माझा क्रम असा असतो, आधी स्वर मोजते. ए, ई, आय, ओ, यू आणि गरज पडली तर वाय. ई असेल तर तो पहिल्यांदा शेवटी ठेवून बघते, कारण इंग्रजीत शेवटी न उच्चारलेला ई फार. वाय असेल तर तोही आधी शेवटी. एच असेल तर त्याचा जोडीदार शोधते, सी, एस, टी, पी, डब्ल्यू, जी यापैकी कुणीतरी जवळपास असतंच. सी आणि के दोघे असतील तर ते बहुतेक शेवटी एकत्र. क्यू आला की यू सोबत. ई आणि आर दोघे असतील तर ते शेवटी ठेवून उरलेल्या तीन अक्षरांकडे बघायचं. दोन स्वर असतील तर ई-ए, ओ-यू, ए-आय, ओ-ए या जोड्या करून बघायच्या.

आता पाच अक्षरांचं, ए, ई, एल, एस, टी. हा गट मला फार आवडतो. ई शेवटी टाका, पुढे एस-टी आला तर स्टेल म्हणजे शिळं, एस-एल आला तर स्लेट म्हणजे पाटी. ई-ए जोडी करा, पुढे एस-टी म्हणजे स्टील, चोरणे वाला. एस-टी शेवटी न्या, लीस्ट. एस एकटा शेवटी न्या, अनेकवचन, टेल्स म्हणजे गोष्टी. पाच सापडले की, आणि तीनपेक्षा जास्त हा पर्याय तर चौथ्यालाच मिळाला, तिथेच थांबायचं आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. परीक्षेत सगळे शोधण्याचे मार्क नाहीत, ही गोष्ट खेळणाऱ्यांना पचत नाही पण तुम्ही लक्षात ठेवा.

इंदिरानगरकर

ताई खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. व्ही शेवटी येत नाही हे तर कधी डोक्यातच आलं नव्हतं, आता दुपारपासून जो शब्द दिसेल त्याचं शेवटचं अक्षर बघतोय. एक शंका, ई इतका सगळीकडे का? तुम्ही दोनतीनदा ई वरूनच सुरुवात केलीत.

खिळे_जुळवणारा

या ई बद्दल मी सांगतो. आमची उमेद गेली छापखान्यात. ऑफसेट येण्याआधी रविवार कारंजाजवळच्या एका प्रेसमध्ये मी कंपोझिटर होतो, लग्नपत्रिका, बिलबुकं, द्राक्षवाल्या व्यापाऱ्यांची इंग्रजी लेटरहेडं, सगळं खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून.

इंग्रजीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणात, कप्पे सारखे नसतात. ई चा कप्पा सगळ्यात मोठा, आणि तोही बरोबर हातासमोर. टी, ए, ओ, एन, आय हे त्याच्या आजूबाजूला ऐसपैस. क्यू, झेड, जे, एक्स यांना कडेला एवढेएवढेसे कप्पे, त्यातही खिळे मोजकेच. नवीन पोरगा आला की त्याला आम्ही एबीसीडी म्हणायला लावत नसू, कप्पे पाठ करायला लावायचो, हात तिथे न बघता गेला पाहिजे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, अंगठा ओळीवर दाबलेला, उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि खिळ्याच्या अंगावर एक खाच असते ती बोटाला लागली की कळतं खिळा सरळ आहे का उलटा, अक्षराचं तोंड बघायची गरज नाही. इंग्रजी मजकूर मोठा असला की सगळ्यात आधी ई संपायचा. मग आधीचं छापून झालेलं मॅटर सोडवून त्यातले ई काढा.

आणि खरी गंमत मॅटर सोडवण्यात. छापून झालं की खिळे परत आपापल्या कप्प्यात टाकायचे, ते काम एकेक अक्षर बघून करत बसलो तर दिवस जाईल. म्हणून एक शब्द चिमटीत धरायचा, वाचायचा, आणि क्रमाने सोडत जायचं. टी-एच-ई, आय-एन-जी, टी-आय-ओ-एन, हे तुकडे हाताला इतके बसले होते की मला इंग्रजी बोलता येत नसूनही कुठल्या अक्षरामागे कोण येणार हे हाताला आधी कळायचं. शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी स्पेलिंग चुकलेलं बोटाला खटकायचं. ताई म्हणतात त्या सवयी त्या ह्याच.

मराठीची केस याहून कितीतरी मोठी, अर्धी अक्षरं वेगळी, काना मात्रा वेलांट्या वेगळ्या, रफार वेगळा. इंग्रजीवाला मराठी केससमोर उभा राहिला की गांगरायचा, मराठीवाल्याला इंग्रजी केस हातचा मळ वाटायची.

कॉलेजरोडची_ताई

काका, काय सुंदर लिहिलंत. स्क्रॅबलमध्ये हेच गणित आहे. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९३० च्या दशकात हा खेळ तयार केला तेव्हा वर्तमानपत्रांच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून काढलं होतं. त्यावरून १०० सोंगट्यांमध्ये ई च्या १२, ए आणि आय च्या ९-९, ओ च्या ८, आणि क्यू, झेड, जे, एक्स, के यांची एकेकच. गुणही उलटे, ई ला १ आणि क्यू, झेड ला १०-१०. एस मात्र फक्त ४ ठेवलेत, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता.

देवळालीकर

यात भर, मोर्स कोडमध्ये पण ई ला नुसतं एक टिंब आणि टी ला नुसती एक रेघ. जे जास्त लागतं ते सगळ्यात छोटं ठेवलं. क्यू ला रेघ रेघ टिंब रेघ.

शाळावाली

इंदिरानगरकर, तुम्ही मराठी माध्यमवाल्यांनी सांगा म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितेय. मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते, शिष्यवृत्तीच्या पोरांचा तास घेते, तिथे इंग्रजी आणि बुद्धिमत्ता दोन्हीत अक्षरांची उलटापालट असतेच. आपल्या मुलांना हे जड जातं त्याचं कारण शब्द कमी माहीत आहेत एवढंच नाही. आपण अक्षर म्हणतो ते वेगळं आणि इंग्रजीतलं लेटर वेगळं. स्ट्रीट म्हटलं की आपल्या कानाला दोन अक्षरं, स्ट्री आणि ट. इंग्रजीत सहा. स्ट्रेंग्थ आपल्याला अडीचतीन वाटतात, इंग्रजीत तब्बल आठ आणि त्यात स्वर एकच, ई. ऱ्हिदम म्हणजे ताल हा सहा अक्षरी शब्द, त्यात ए, ई, आय, ओ, यू यापैकी एकही नाही. मुलं अशा ठिकाणी अडतात कारण व्यंजन आलं की त्याला स्वर चिकटलेला असणार ही आपली सवय.

पण हीच गोष्ट उलटी वापरली तर तुम्हाला फायदा आहे, आणि हे मी वर्गात करून बघितलंय. आपल्याकडे जोडाक्षर आहे. एस आणि टी दिसले की त्यांना दोन समजूच नका, स्ट हे एक जोडाक्षर समजा. तसंच ट्र, ग्र, प्ल, स्प, स्ल, ब्र, क्ल. ताईंचा तो ए, ई, एल, एस, टी गट घ्या, पाच सुट्या अक्षरांच्या १२० रचना, पण स्ट बांधून टाकला की चारच तुकडे राहिले म्हणजे रचना २४. त्या २४ मध्ये स्टेल, स्टील, लीस्ट तिन्ही आले. मग स्ल बांधा, स्लेट आला. जी, एच, आय, एन, टी घ्या, स्वर एकटा आय. एन-जी शेवटी बांधला की थिंग, जी-एच-टी शेवटी बांधला की नाइट. इंग्लिश मीडियमची मुलं हे ऐकून ऐकून करतात, आपल्या मुलांना जोडाक्षर लिहून माहीत असतं, त्यांना फक्त सांगावं लागतं की बाळांनो हे तेच आहे.

सरावासाठी याद्या नकोत. मी मुलांना गावाची, नदीची नावं देते. नाशिकचं स्पेलिंग घ्या, त्यातून स्किन, सिंक, शिन, इंक्स, अकिन, आणि पाच अक्षरी शँक म्हणजे पायाची नळी, एवढे सहज निघतात. गोदावरीतून पाच अक्षरी रेडिओ निघतो, अव्हॉइड निघतो, व्हिगर पण निघतो, अमेरिकन स्पेलिंगचा. मुलं घरी जाऊन आईवडिलांना सांगतात, ते पण डोकं लावतात. यात सगळी अक्षरं वापरायची सक्ती नसते, त्यामुळे मूल रिकाम्या हाताने कधी परत जात नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही इंदिरानगरहून अशोक स्तंभाला येताजाता ना? सिटीलिंकच्या बसमध्ये खिडकीशी बसा आणि इंग्रजी पाट्या वाचा. मेडिकल प्रत्येक चौकात आहे, तीच सात अक्षरं हलवली की डेसिमल होतं आणि क्लेम्ड पण होतं. गार्डनचं डेंजर. सलॉनचं लोन्स, बँकवाल्यांना हा बरा. स्टीलच्या भांड्यांची पाटी दिसली तर स्लीट म्हणजे पावसात मिसळलेला बर्फ. बेकरीतलं वाय बाजूला काढलं की बेकर, ब्रेक म्हणजे तोडणे आणि ब्रेक म्हणजे गाडीचा, दोघांचं स्पेलिंग वेगळं पण अक्षरं तीच पाच. पाटी मागे पडायच्या आत शब्द काढायचा, तुमचे ते ३४ सेकंद आपोआप अंगात भिनतील.

अभ्यासू_पंचवटी

सगळं पटलं पण याद्यांना सरसकट नावं ठेवू नका. मी याच परीक्षेतून गेलोय. तीन अक्षरी आणि चार अक्षरीचे नेहमीचे गट पाठ असले की विचार करायचाच नाही, उत्तर ठोकायचं. ओ, पी, एस, टी दिसलं की स्टॉप, पोस्ट, स्पॉट, पॉट्स, टॉप्स. ए, ई, एम, टी दिसलं की टीम, मीट, मेट, टेम. ए, ई, एल, एम दिसलं की मेल, मील, लेम. असे वीसपंचवीस गट वहीच्या मागच्या पानावर. पद्धत हवीच, पण ओळखीचा गट आला तर पद्धतीत सुद्धा वेळ घालवू नये.

कॉलेजरोडची_ताई

बरोबर आहे, गट पाठ करणं आणि यादी पाठ करणं यात फरक आहे, गटाला किल्ली असते. मोठे खेळाडू तेच करतात, डेटावाला म्हणतो तसं अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून तो क्रम आणि त्याचे शब्द असं एकत्र डोक्यात ठेवतात. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्क्रॅबल स्पर्धा जिंकला, फ्रेंच बोलता येत नसताना. आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचीही जिंकला, तीही भाषा येत नसताना. म्हणजे शब्दाचा अर्थ आणि शब्दाची अक्षरं या डोक्यात दोन वेगळ्या जागी राहू शकतात, छापखान्यातल्या काकांनी तेच सांगितलं. त्यामुळे दादा, इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे जमणार नाही असं मनात आणूच नका. फक्त तुमच्या परीक्षेत अर्थपूर्ण म्हटलंय तेव्हा नेहमीचेच शब्द घ्या, आमचे क्यू वाले फकीर, निकाब, तलाक, कनात तुम्हाला लागणार नाहीत. ते आम्हाला यू नसताना क्यू हातात अडकला की लागतात.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळावाल्या मॅडम, जोडाक्षराची गोष्ट वाचल्यावर मी लगेच वही घेतली. द्राक्षाचं स्पेलिंग घेतलं, जी, आर, ए, पी, ई. ग्र बांधला, ग्रेप. मग ई-आर शेवटी बांधला, उरले जी, ए, पी, त्यातून पेजर निघाला, तो जुना खिशातला यंत्रवाला. गेपर पण होतोय, गेप म्हणजे आ वासून बघणे त्यावरून, तो धरायचा का? आणि अजून एक, ए, ई, टी दिलं तर टी म्हणजे चहा, ईट, एट असे तीन होतात आणि आमच्या सराव संचात उत्तर तीन आहे. पण डिक्शनरीत ईटा म्हणून ग्रीक अक्षराचं नाव सापडतं, मग तीनपेक्षा जास्त होत नाही का? अभ्यासिकेत यावरून काल चांगलाच वाद झाला.

अभ्यासू_पंचवटी

माझं मत, गेपर आणि ईटा दोन्ही सोड. प्रश्न काढणारा माणूस स्क्रॅबलची डिक्शनरी उघडून बसलेला नसतो, वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळतो तोच शब्द मोज. विशेषनामं पण मोजायची नाहीत. एन, ओ, टी, ई मधून नोट आणि टोन, इंग्लंडातल्या शाळेचं ते ईटन धरायचं नाही, उत्तर दोन.

डेटावाला_सातपूर

याला अनुमोदन. माझ्या प्रोग्रामला ए, ई, टी दिलं तर तो ईटा दाखवतोच, कारण त्याला फाइलमध्ये आहे का नाही एवढंच कळतं, रोजच्या वापरात आहे का ते कळत नाही. नेटवरच्या याद्या पण अशाच मशीनने काढलेल्या असतात म्हणून तुला त्यात अर्धे शब्द अनोळखी दिसले.

कॉलेजरोडची_ताई

तर मग दादा उद्याचा गृहपाठ घ्या, ए, सी, ई, आर, टी. पाच अक्षरं, सगळी वापरायची. ट्र आणि क्र बांधून बघा, ई-आर शेवटी ठेवून बघा, ई-ए ची जोडी करून बघा. चार शब्द नेहमीचे आहेत. पाचवा रोजच्या बोलण्यातला नाही, पण छापखान्यातल्या काकांना माहीत असणार.

इंदिरानगरकर

उद्या कशाला, आत्ताच. ट्र बांधला, ट्रेस. क्र बांधला, क्रेट, सोड्याच्या बाटल्यांचा. ई-ए जोडी, रिॲक्ट. ई-आर शेवटी, केटर, केटरिंगवाला. पाचवा नाही सापडत, काका तुम्हीच सांगा.

खिळे_जुळवणारा

कॅरेट. सोन्याचा नाही, त्याच्या स्पेलिंगात ए दोनदा येतो. प्रूफ तपासताना एखादं अक्षर किंवा शब्द गळलेला सापडला की त्या जागी खाली उलट्या व्हीसारखी खूण करतात आणि राहिलेलं समासात लिहितात, तिला कॅरेट म्हणतात. परीक्षेत हा गट आला तर तुम्ही वरच्या चारवर थांबा, उत्तर तेच येतं.